शाळेत हजेरीसाठी मुलांचे अंगठे आणि चेहरा घेणार आहेत, फॉर्मवर सही करू का?

जुळेसोलापूर_आई

नमस्कार सगळ्यांना. माझा मुलगा दुसरीत, मुलगी सहावीत, दोघं एकाच शाळेत, खाजगी विनाअनुदानित आहे, नाव इथं लिहीत नाही. परवा वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला की शनिवारी मशीनवाले येणार, सगळ्या मुलांचे दोन्ही अंगठे आणि चेहरा स्कॅन करणार आणि पुढच्या महिन्यापासून हजेरी त्यावरच लागणार. सोबत एक फॉर्म आहे, त्यात एकच ओळ, "माझ्या पाल्याची बायोमेट्रिक माहिती घेण्यास माझी हरकत नाही", खाली सहीची जागा. बास. कंपनी कुठली, माहिती कुठं ठेवणार, किती वर्षं ठेवणार, उद्या आम्ही शाळा बदलली तर तिचं काय करणार, एक अक्षर नाही.

ग्रुपवर मी साधं विचारलं की मॅडम हा डेटा कुणाकडं राहणार, तर उत्तर कुणीच दिलं नाही, उलट खाली एकेकाचं "ओके मॅडम", "डन मॅडम" सुरू झालं. मिस्टर म्हणतात सही करून टाक, सगळे करतायत. पण मला ते पटेना. मी स्वतः ऑफिसात रोज अंगठा लावते, ते माझं मी ठरवून लावते. सात वर्षाच्या पोराला त्याचा अंगठा पुढं साठ सत्तर वर्षं वापरायचाय, बँकेत, आधारला, अजून कशाकशाला लागेल ते आज कुणाला माहीत. पासवर्ड फुटला तर नवीन टाकता येतो, हे नवीन कुठून आणायचं. आणि हे सगळं मी त्याच्या वतीनं देऊन टाकायचं, तेही कुणाला देतेय ते न कळता.

भीती एकच आहे की नाही म्हटलं तर पोराला वर्गात वेगळं काढतील, "तुझ्या आईनं सही नाही केली" म्हणून सगळ्यांसमोर उभं करतील. तर कुणाला माहीत असेल तर सांगा, शाळा याची सक्ती करू शकते का, आणि नकार द्यायचा तर कसा द्यायचा, काय विचारायचं?

होटगीरोड_बाबा

ताई, दुसरी बाजू पण सांगतो, रागावू नका. आमच्या मुलीच्या शाळेत गेल्या वर्षीपासून चेहऱ्याचं मशीन आहे. ती गेटमधून आत गेली की माझ्या मोबाईलवर मेसेज येतो, बाहेर पडली की परत येतो. आम्ही दोघं नोकरीला, मुलगी व्हॅननं जाते, व्हॅनवाले काका चांगले आहेत पण तरी जीव टांगणीला असतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याची बातमी आली तेव्हा आमच्या घरात दोन दिवस कुणाला जेवण गोड लागलं नव्हतं. त्यानंतर शाळेनं कॅमेरे बसवले, हे मशीन बसवलं, आम्हा पालकांनीच मागणी केली होती. त्यामुळं मला तरी त्या मेसेजचा आधार वाटतो आणि जी शाळा मुलांचा हिशोब ठेवते तिला लगेच संशयानं बघणं मला बरोबर वाटत नाही.

तुमचे प्रश्न मात्र रास्त आहेत, ते आम्ही विचारले नव्हते हे खरं. माहिती कुठं जाते ते मलाही आता जाणून घ्यायचंय.

मशीन_सर्व्हिस

मी याच लाईनमध्ये आहे, सोलापूर, पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट सगळीकडं अशी मशीन बसवायला आणि दुरुस्तीला जातो, म्हणून आतलं सांगतो.

अंगठा ठेवला की सेन्सर ठशाचा फोटो घेतो, मग रेषा कुठं संपतात, कुठं फुटतात त्या जागा शोधतो आणि त्या जागांचे आकडे साठवतो, त्याला टेम्प्लेट म्हणतात. रोज तुम्ही अंगठा ठेवला की नवीन आकडे जुन्या आकड्यांशी जुळवले जातात. सेल्सवाले शाळेत जाऊन छातीठोकपणे सांगतात की आम्ही ठसा ठेवतच नाही, नुसते आकडे ठेवतो, त्यावरून ठसा परत बनत नाही. हे खरं नाही. अशा आकड्यांवरून मशीनला फसवेल असा ठसा तयार करता येतो हे संशोधकांनी २००७ सालीच करून दाखवलंय. आणि चेहऱ्याच्या मशीनमध्ये तर बऱ्याच वेळा आकड्यांसोबत सरळ फोटोच राहतो, नाव, वर्ग, पालकांचा मोबाईल नंबर यांच्यासकट.

आता हा डेटा असतो कुठं. एक कॉपी मशीनमध्ये, एक ऑफिसातल्या त्या पीसीवर ज्याच्यावर बोनाफाईड पण निघतं आणि क्लार्कचा मुलगा गेम पण खेळतो, आणि मेसेज जाणारं सॉफ्टवेअर असेल तर एक कॉपी कंपनीच्या क्लाउडवर. मशीनचा अ‍ॅडमिन पासवर्ड कंपनीतून येतो तोच असतो, मी सांगून आलो तरी कुणी बदलत नाही. पेनड्राइव्ह लावून सगळ्या युजरची यादी टेम्प्लेटसकट काढता येते, आम्ही मशीन बदलताना तसंच करतो, त्या पेनड्राइव्हचं पुढं काय झालं ते कुणी विचारत नाही. सॉफ्टवेअर अडलं की कुठूनतरी रिमोट घेऊन माणूस पीसीत शिरतो. मी चोर नाही, माझ्यासोबतची पोरं पण चोर नाहीत, पण कुलूप नावाची वस्तूच त्या ठिकाणी नसते आणि मुलांच्या बाबतीत हे मला स्वतःला खटकतं.

दुसरं, लहान मुलांचे अंगठे मशीनवर नीट बसत नाहीत. बोट छोटं, रेषा बारीक आणि जवळजवळ, पोर मोठं होतं तसं रेषांमधलं अंतर वाढतं. पहिलीत घेतलेला ठसा काही वर्षांनी जुळेना झाला की आम्हाला बोलावतात, परत घ्या म्हणून. म्हणजे पुन्हा नवीन कॉपी, आणि जुनी पण तिथंच. पहिली दुसरीच्या मुलांना रांगेत पाच पाच वेळा बोट पुसून ठेवायला लावलेलं मी बघितलंय, खाली मॅडम वहीत हजेरी घेतातच.

अशोकचौक_सोलापूर

मशीनवाल्या दादांनी बोटाचा विषय काढला म्हणून लिहितो. आमच्या आईनं जन्मभर विड्या वळल्या. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, टोक नखानं दाबून बंद करायचं, दिवसाला हजार विडी म्हणजे बोटाची काय गत होत असेल बघा की. रेषा राहतच नाहीत. रेशन दुकानात मशीनवर तिचा अंगठा लागत नाही, एकदा पुसून, एकदा ओला करून, मग दुसरं बोट, मागची रांग ओरडतेय, शेवटी ती म्हणते राहू दे बाळा, पुढच्या वेळी तू ये. यंत्रमागावर काम करणारे, भांडी घासणाऱ्या बायका, सगळ्यांचं तेच. आमच्या पूर्व भागात हे घरोघरी आहे, कुंभारीच्या विडी घरकुलात जाऊन विचारा.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की मशीन नाही म्हणालं की माणूस खोटा ठरतो हे आम्ही रोज बघतो. आता तेच शाळेत आणणार. पोरगं समोर उभं आहे, बाईंना दिसतंय, आणि मशीन म्हणतंय गैरहजर. मग हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसू देणार नाही म्हणायचं, का शिष्यवृत्ती अडवायची? बाईंचा डोळा मोठा का मशीन मोठं?

आणि अजून एक, तो फॉर्म मराठीत किंवा इंग्रजीत असणार. आमच्या गल्लीत निम्मे पालक घरात तेलुगू बोलतात, पलीकडं कन्नड, उर्दू. आयाबाया फॉर्मवर सही करतात ती पोरानं दाखवलेल्या जागेवर करतात. त्याला संमती म्हणायचं का?

एक_शिक्षिका

मी अनुदानित शाळेत शिकवते, त्यामुळं शाळेच्या आतली अडचण सांगते, बाजू घ्यायची म्हणून सांगत नाही.

आमच्याकडं आता सगळं आधारवर येऊन थांबलंय. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर होणार, ते पटावर ठरतं आणि पट मोजताना ज्या मुलाचं आधार पोर्टलवर व्हॅलिड दाखवतं तेच मूल धरलं जातं. नावात एक वेलांटी इकडची तिकडं झाली, जन्मतारीख जुळली नाही, की मूल वर्गात बसलेलं असूनही मोजणीत नाही. एक शिक्षक अतिरिक्त ठरतो. त्यामुळं हेडमास्तर आमच्या मागं, आम्ही पालकांच्या मागं, आधार अपडेट करा, अपारचा फॉर्म भरा, हे वर्षभर चालू असतं. पालकांना वाटतं शाळेला काय एवढी घाई, पण मागून दट्ट्या असतो.

पण यात तीन गोष्टींची सरमिसळ होते, ती सोडवून घ्या. एक, आधारचं बायोमेट्रिक अपडेट. पाच वर्षाच्या आतल्या मुलाचं आधार बनतं तेव्हा ठसे घेतच नाहीत, ते पाचव्या वर्षी आणि परत पंधराव्या वर्षी घ्यावे लागतात. त्यासाठी शाळांमध्ये कॅम्प लागतात, १ ऑक्टोबर २०२५ पासून वर्षभरासाठी ७ ते १५ वयाच्या मुलांची फी पण माफ केलीय. ते आधारच्या अधिकृत किटवर होतं, शाळेकडं काही राहत नाही. दोन, अपार. तो मुलाच्या मार्कशीट, सर्टिफिकेटचा आयडी आहे, त्यात शाळा ठसे घेत नाही, आधारवरून जुळवणी होते, आणि त्यासाठी पालकाचं संमतीपत्र लागतं, म्हणजे नाही म्हणायची सोय आहे. तीन, शाळेनं स्वतः विकत आणलेलं हजेरीचं मशीन. ताईंचा प्रश्न या तिसऱ्याबद्दल आहे आणि त्याचा आधारशी, संचमान्यतेशी, सरल पोर्टलशी (शाळांची माहिती भरायचं सरकारी पोर्टल) काही एक संबंध नाही. कुणी "वरून आदेश आहे" म्हणालं तर आदेशाची प्रत मागा. असेल तर देतील.

आणि वर्गातलं खरं सांगते, हजेरी घ्यायला मला पाच मिनिटं लागतात. नाव घेताना मी पोराकडं बघते, कोण रडवेलं आहे, कुणाला ताप आहे, कोण तीन दिवस झाले गप्प बसतंय, ते त्याच पाच मिनिटात कळतं. ते काम मला कुणाला द्यायचं नाहीये.

जुळेसोलापूर_आई

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. बाई, तुम्ही सरमिसळ म्हणालात ते अगदी तसंच झालंय, ऑफिसातल्या क्लार्कनं मला फोनवर "आधारसाठी कंपल्सरी आहे" असंच सांगितलं. कायद्याचं कुणाला माहीत आहे का? नवीन डेटा कायदा आलाय म्हणतात, त्यात मुलांसाठी वेगळं काही आहे म्हणे.

कोर्टरोड_वकील

सोलापुरातच प्रॅक्टिस करतो. थोडं लांबेल पण नीट वाचा, कारण यावर अर्धवट मेसेज फार फिरतात.

सुरुवात २४ ऑगस्ट २०१७ पासून करा. त्या दिवशी सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मूल आहे म्हणून त्याला तो नाही असं कुठंही नाही. मग २६ सप्टेंबर २०१८ चा आधारचा निकाल. त्यात कोर्टानं स्पष्ट केलं की शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही, कारण ६ ते १४ वयाच्या मुलाला शिक्षण हा हक्क आहे, कुणी दिलेली सवलत नाही. मुलाचं आधार काढायला पालकांची संमती हवी, आणि मूल १८ वर्षाचं झालं की त्याला त्यातून बाहेर पडता आलं पाहिजे. पुढं २०१९ च्या दुरुस्तीत तशी तरतूद आली, १८ पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांच्या आत आधार रद्द करायचा अर्ज देता येतो. आता बघा, सरकारच्या आधारमधून मुलाला पुढं बाहेर पडता येतं आणि तुमच्या शाळेच्या फॉर्ममध्ये बाहेर पडायची वाटच लिहिलेली नाही.

नवीन कायदा म्हणजे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्यात १८ च्या आतला प्रत्येक जण मूल. मुलाचा डेटा घ्यायचा तर आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती हवी, मुलांवर पाळत ठेवायची नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत, मोडलं तर दंड २०० कोटीपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण संमतीची मुख्य कलमं लागू व्हायला त्यापासून दीड वर्षाची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही ती मी सांगतो, त्याच नियमांत शाळांना सूट दिलीय. शैक्षणिक काम आणि मुलांची सुरक्षितता यासाठी शाळेनं मुलांवर लक्ष ठेवलं तर वरची मुलांसाठीची खास बंधनं त्यांना लागत नाहीत. मला स्वतःला ही सूट फार सैल वाटते. पण ती त्या दोन कारणांपुरतीच आहे, बाकी कायदा शाळेला लागतोच. संमती मोकळेपणानं दिलेली, कशासाठी ते सांगून घेतलेली आणि कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती असली पाहिजे, ती देणं जितकं सोपं तितकंच परत घेणंही सोपं असलं पाहिजे, आणि सूचना आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी हवी त्या भाषेत वाचायची सोय द्यावी लागेल. अशोकचौकवाले, तुमच्या गल्लीतल्या तेलुगू, कन्नड, उर्दू तिन्ही भाषा त्यात आहेत.

मे २०२७ पर्यंत मग काय, तर २०११ चे आयटी नियम आहेत. त्यात बायोमेट्रिक ही संवेदनशील माहिती धरलीय, ती घ्यायच्या आधी लेखी संमती, कशासाठी घेतोय ते सांगणं, काम झालं की न ठेवणं, आणि न देण्याचा पर्याय हे सगळं आहे. शाळा चालवणारी ट्रस्ट त्या नियमांत बसते का यावर कोर्टात वाद होऊ शकतो, पण माहिती सुरक्षित ठेवायची जबाबदारी डेटा सांभाळणाऱ्या कंपनीवर आहेच. म्हणून कंपनीचं नाव लेखी मागून घ्या, सगळ्यात आधी तेच.

बाहेर याच प्रश्नावर काय झालं तेही सांगतो, तुम्हाला मीटिंगमध्ये उपयोगी पडेल. स्वीडनमधल्या शेलेफ्टेओ नावाच्या गावात एका शाळेनं फक्त २२ विद्यार्थ्यांची हजेरी चेहऱ्यावरून तीन आठवडे घेऊन बघितली, पालकांची संमती सुद्धा घेतली होती. तरी २०१९ मध्ये तिथल्या डेटा प्राधिकरणानं २ लाख क्रोनर दंड लावला. कारण असं दिलं की मूल शाळेवर अवलंबून असतं, तिथं दिलेली संमती मोकळी धरता येत नाही, आणि हजेरी यापेक्षा साध्या मार्गानं घेता येते. इंग्लंडमध्ये २०१२ चा कायदाच आहे, पालकांची लेखी संमती लागते आणि पालक हो म्हणाले तरी मूल स्वतः नको म्हणालं तर शाळेला घेता येत नाही, दुसरी सोय द्यावीच लागते. आपल्याकडं मुलाला विचारायचं असतं हे अजून कुणाच्या डोक्यातही येत नाही. तुमची मुलगी सहावीत आहे ना, तिला विचारा.

होटगीरोड_बाबा

वकीलसाहेब, हे वाचून मी काल शाळेत जाऊन आलो. कंपनीचं नाव मिळालं, पण डेटा कुठं राहतो ते ऑफिसात कुणालाच सांगता आलं नाही, "कंपनीवाल्यांना विचारून सांगतो" म्हणाले. म्हणजे ज्या यंत्रावर मी पोरीच्या सुरक्षिततेसाठी विसंबलोय त्याबद्दल शाळेलाच माहिती नाही.

तरी मला मेसेज हवाच आहे, तो मी सोडणार नाही. पण मेसेजसाठी चेहरा कशाला लागतो, हे मात्र आता मलाही कळेना. गळ्यातल्या आयकार्डात चिप टाकली, ते गेटवर टेकवलं तरी तोच मेसेज येणार ना? कार्ड हरवलं तर नवीन मिळेल.

मशीन_सर्व्हिस

येणार ना साहेब, अगदी तोच येणार. कार्डाचं मशीन स्वस्त पण पडतं आणि रांग पण भराभर सरकते. शाळा एकच अडचण सांगते, पोरं एकमेकांची कार्डं लावतात. ते कॉलेजच्या पोरांचं खरं आहे. दुसरीतलं पोर दुसऱ्याचं कार्ड लावून बंक मारायला जाणार नाही, आणि वर्गात बाई आहेतच मोजायला.

ज्युनिअर_कॉलेज_सर

बंक मारण्यावरून आठवलं. २०१८ मध्ये शासनानं अकरावी बारावी सायन्सला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता, पहिल्यांदा मोठ्या शहरांच्या विभागांत. कारण हे की मुलं कॉलेजात नावाला प्रवेश घेतात आणि दिवसभर क्लासमध्ये बसतात. दुखणं खरं होतं. पण ते दुखणं कॉलेज आणि क्लास यांच्या संगनमताचं, वर्गात शिकवणं होतं का नाही याचं, आणि त्यावर औषध काय, तर मुलाचा अंगठा. ज्याला संगनमत करायचंय तो अंगठा लावून मुलाला क्लासला पाठवतोच की. मुळात प्रश्न कुठला सोडवायचाय ते आधी शाळेनं सांगावं, असं मला वाटतं, मग अंगठा लागतो का ते बघू.

जुळेसोलापूर_आई

अपडेट देते. एकटीनं जायचं नाही असं ठरवलं होतं, मुलीच्या वर्गातल्या काही आयांना फोन केले, त्यातल्या बऱ्याच जणींना हेच वाटत होतं, पण ग्रुपवर कुणी बोलत नव्हतं. मुलीला विचारलं, ती म्हणाली चेहरा नको, त्याच मशीनमधले फोटो कुणी काढून ग्रुपवर टाकले तर. तिच्या डोक्यात हे असेल असं मला वाटलंच नव्हतं.

मग आम्ही सगळ्यांनी मिळून एक पत्र दिलं, ते इथं टाकते, कुणाला लागलं तर घ्या.

"मा. मुख्याध्यापक, आपण पाठवलेल्या फॉर्मबाबत आम्हा पालकांना पुढील माहिती लेखी मिळावी. मशीन व सॉफ्टवेअर कोणत्या कंपनीचे आहे व शाळेचा त्यांच्याशी झालेला करार पाहायला मिळेल का. ठसे व चेहरा कोठे साठवला जाईल, तो कोणकोणाला पाहता येईल, शाळा सोडल्यावर किती दिवसांत काढून टाकला जाईल व काढल्याचे लेखी पत्र मिळेल का. माहिती बाहेर गेल्यास पालकांना कोण व कसे कळवणार. जे पालक संमती देणार नाहीत त्यांच्या मुलांची हजेरी वहीवर किंवा कार्डावर घेतली जाईल व त्या मुलांना वर्गात वेगळी वागणूक मिळणार नाही, असे आश्वासन मिळावे. ही माहिती मिळेपर्यंत आमच्या पाल्यांचे ठसे व चेहरा घेऊ नये."

पोहोच घेतली, सही शिक्क्यासकट. सर चिडले नाहीत, खरं सांगायचं तर त्यांनी पण हे प्रश्न कंपनीला विचारले नव्हते, ते तसं बोलले. शनिवारचं मशीन पुढं ढकललंय, पालक सभा घेतो म्हणालेत. ज्यांनी आधीच सही दिलीय त्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, त्यांना मी फोन करतेय.

अशोकचौक_सोलापूर

ताई, लई भारी काम केलं. ते पत्र आमच्या इकडच्या शाळेसाठी तेलुगूत करून घेतो, शेजारचे मास्तर आहेत, ते देतील करून.

एक विचारायचं होतं. माझ्या पुतण्याचा अंगठा एका क्लासवाल्यानं घेतला होता, क्लास सोडून वर्ष झालं. तो आता काढून घेता येतो का?

मशीन_सर्व्हिस

येतो. क्लासवाल्यांकडं लेखी अर्ज द्या, पोच घ्या, त्यात तीन जागा लिहा, मशीनमधून, पीसीवरच्या सॉफ्टवेअरमधून आणि क्लाउडवरून. नुसतं "डिलीट केलं" म्हणतील तर ऐकू नका, बरेच जण पीसीवरचं नाव इनअ‍ॅक्टिव्ह करतात, त्यानं टेम्प्लेट जात नाही. पुतण्याला सोबत घेऊन जा आणि मशीनवर त्याचा अंगठा ठेवून बघा, नाव आलं तर डेटा अजून आत आहे. नाव नाही आलं तरी पीसीवरची यादी समोर उघडून दाखवायला सांगा.

आणि त्याच्या आधारला तुमच्या घरातला मोबाईल नंबर जोडलेला असेल तर आधारच्या साईटवरून त्याचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, फुकट आहे, ओटीपी येतो. चोरलेल्या ठशावर आधारनं बँकेतून पैसे काढल्याच्या केसेस आपल्या देशात झाल्यात, आणि शिष्यवृत्तीचं खातं आधारला जोडलेलंच असतं. लागेल तेव्हा परत उघडता येतं.